एकाच बगचे पाच पत्ते

लिनक्सवर 'दऱ्या' हा शब्द टाइप केला आणि पडद्यावर त्यातला 'र' सुटा पडून पायाशी हलन्त लटकलेला दिसला, तर तक्रार कुणाकडे न्यायची? बहुतेक जण ज्या प्रोग्राममध्ये शब्द दिसला त्याच्याकडे बोट दाखवतात. पण कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत तो शब्द बऱ्याच हातांतून जातो. आयबस ही इनपुट यंत्रणा कळ पकडते. कीबोर्डच्या आराखड्यानुसार युनिकोडचे संकेतांक ठरतात. लेखनाचा प्रोग्राम ते हार्फबझ या लायब्ररीकडे देतो. हार्फबझ फॉन्टमधली कोष्टके वाचून कोणते आकार कसे जोडायचे ते ठरवते आणि फ्रीटाइप ते आकार ठिपक्यांत उतरवते. यातला प्रत्येक घटक वेगळ्या प्रकल्पाचा आहे आणि प्रत्येक प्रकल्पाची बग नोंदवण्याची जागाही वेगळी आहे. हे सगळे एकत्र बांधून लोकांच्या हाती देणारी डेबियन, फेडोरा, उबुंटू ही वितरणे आणखी निराळी, आणि त्यांचे ट्रॅकर त्यांच्यापुरते.

पुण्यातल्या एका बाईंनी नोकरीची पहिली वर्षे डेस्कटॉपच्या मराठी भाषांतरात आणि पुढची बरीच वर्षे अशा तक्रारी योग्य जागी पोचवण्यात घालवली. पुण्यात या कामाचा चांगला जम होता. लोहित फॉन्टची देखभाल रेड हॅटच्या इथल्याच चमूने केली, आणि भारतीय भाषांच्या कीबोर्ड-फॉन्टवर काम करणारी माणसे शहरात सहज भेटत. बाई स्वतः कोड फारसा लिहीत नाहीत. बग वाचायचा, पुन्हा घडवून पाहायचा, त्याचे मूळ शोधायचे, संबंधित प्रकल्पापर्यंत तो न्यायचा आणि तिकडचे उत्तर मूळ तक्रारदाराला आणून द्यायचे, हे त्यांचे काम. यातला शेवटचा टप्पा सगळ्यात जास्त वेळा सुटतो, असे त्या सांगतात.

सुरुवातीच्या काळातले एक प्रकरण त्यांच्या चांगले लक्षात आहे. एका वापरकर्त्याने वितरणाच्या ट्रॅकरवर लिहिले की 'ऱ्य' नीट उमटत नाही. वितरणाच्या माणसाने तक्रार लेखनाच्या प्रोग्रामकडे पाठवली. तिथल्या विकासकाने उत्तर दिले की अक्षरांची मांडणी आम्ही करत नाही, लायब्ररी करते. लायब्ररीच्या मंडळींना वाटले की फॉन्टमध्ये त्या जोडाक्षराचा नियमच नसावा. फॉन्ट सांभाळणाऱ्याने फॉन्ट उघडून पाहिला, नियम जागेवर होता, म्हणून त्याने कीबोर्डकडून येणाऱ्या संकेतांकांवर शंका घेतली. प्रत्येकाने आपल्यापुरते प्रामाणिक उत्तर दिले होते. तरीही एकाच बगचे पाच पत्ते झाले, सगळ्या नोंदी उघड्या राहिल्या, आणि तक्रारदाराला दर ठिकाणी नवे खाते काढायला सांगण्यात आले. तिसऱ्या ठिकाणानंतर त्याने उत्तर देणेच सोडून दिले.

तेव्हापासून बाईंनी एक शिस्त बाणवली. नोंद पुढे पाठवण्याआधी दोष कोणत्या थरात आहे ते आपणच शोधायचे. तोच मजकूर आणि तोच फॉन्ट घेऊन दुसऱ्या प्रोग्राममध्ये पाहायचे. मग तोच प्रोग्राम ठेवून फॉन्ट बदलायचा. मजकुरातला एकेक संकेतांक मोजायचा. हार्फबझसोबत एचबी-शेप नावाचे छोटे साधन मिळते. त्याला फॉन्ट आणि मजकूर दिला की कोणते आकार निवडले गेले ते एका ओळीत छापून येते. लेखनाचा प्रोग्राम पूर्ण बाजूला ठेवून फक्त लायब्ररी आणि फॉन्ट यांची परीक्षा घेता येते. अशी एक ओळ जोडलेली नोंद आणि 'मराठी बिघडले आहे' एवढीच नोंद यांना मिळणाऱ्या उत्तरांत फार अंतर असते. पहिलीला काही दिवसांत कुणीतरी हात घालतो. दुसरी वर्षानुवर्षे तशीच पडून राहिलेली बाईंनी पाहिली आहे.

पुट्टी या प्रोग्रामचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये बग कसा कळवावा यावर एक लांब लेख लिहिला. नवा माणूस कामाला आला की बाई त्याला आधी तो वाचायला देतात. काय केले, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, हे आधी सांगावे. आपला अंदाज सांगायला हरकत नाही, पण तो दिसलेल्या गोष्टींपासून वेगळा ठेवावा. लेखाचा हा गाभा आहे. बग एका प्रकल्पातून दुसऱ्यात न्यायचा असेल तेव्हा तो आणखी महत्त्वाचा ठरतो, कारण पलीकडच्या माणसाला तुमच्या वितरणाचे, तुमच्या भाषेचे आणि तुमच्या अंदाजाचे काहीच ठाऊक नसते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शिक्षकांच्या ईमेलने बाईंच्या विचाराला वेगळे वळण दिले. शाळेच्या यादीत 'कुऱ्हाडे' आडनावाची मुले शोधली की काही सापडत आणि काही सापडत नसत. पडद्यावर सगळी नावे अगदी सारखी दिसत. यादी अकारविल्हे लावली तरी ही भावंडे दोन वेगळ्या ठिकाणी जाऊन बसत. शिक्षकांनी हे सगळे मराठीत, सविस्तर आणि कुठलाही राग न धरता लिहिले होते, आणि सोबत मूळ फाइल जोडली होती.

ती फाइल उघडल्यावर उलगडा झाला. मराठीतला हा 'ऱ्य', 'ऱ्ह' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह येते. दुसऱ्या पद्धतीत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त येतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ साठी स्वतंत्र जागा आहे, तर काही फोनेटिक आराखडे पहिली पद्धत वापरतात. युनिकोडची शिफारस दुसऱ्या पद्धतीची असली तरी जुन्या मजकुरासाठी पहिलीही चालते. पडद्यावर दोन्ही एकसारख्या उमटतात, पण युनिकोडचे सामान्यीकरणाचे नियम या दोन मांडण्यांना एक मानत नाहीत. त्यामुळे संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी आडनावे होती. शाळेतल्या एका संगणकावर एक कीबोर्ड होता, दुसऱ्यावर दुसरा.

हा बग कुणाचा? फॉन्ट बरोबर होता, कारण तो दोन्ही रूपे नीट दाखवत होता. मांडणीची लायब्ररीही बरोबर होती. कीबोर्डचा आराखडा चालणारी पद्धत वापरत होता. शोध घेणारा प्रोग्राम दिलेले संकेतांक इमानाने जुळवून पाहत होता. सगळे घटक आपापल्या नियमाने बरोबर वागत असताना शिक्षकांचे काम मात्र अडले होते. असे बग एखाद्या ट्रॅकरच्या खात्यात बसत नाहीत, कारण ते प्रकल्पांच्या मधल्या जागेत राहतात. तिथे त्यांना कुणी शोधायला गेले नाही तर ते कुणालाच दिसत नाहीत.

बाईंनी तेव्हा एक सारांश लिहिला. त्यात मजकुराचे दोन नमुने, त्यांचे संकेतांक, फाइलचा लहानसा तुकडा आणि शिक्षकांचे काम कुठे अडते हे होते. कीबोर्ड आराखड्याच्या प्रकल्पात त्यांनी तोच सारांश टाकून शिफारस केलेले रूप पाठवण्याची विनंती केली. तक्त्याच्या प्रोग्रामच्या प्रकल्पात तोच सारांश टाकून शोध घेताना दोन्ही रूपे एक धरण्याची विनंती केली. प्रत्येक नोंदीत दुसऱ्या नोंदीचा दुवा दिला, आणि त्या दुव्याच्या जोडीला तिथे आजवर काय ठरले तेही दोन ओळींत लिहिले. कीबोर्डचे काम लवकर झाले. शोधाच्या कामाला फार वेळ लागला, कारण तिथे मराठी वाचणारा एकही माणूस नव्हता आणि हा प्रश्न खरोखर किती लोकांना पडतो हे त्यांना पटवून द्यावे लागले. तोवर शिक्षकांनी शोधा-आणि-बदला वापरून अख्ख्या यादीतली नावे एका रूपात आणली. हा उपाय त्यांना बाईंनी मराठीतच लिहून पाठवला होता.

प्रकल्पांनी बग वाटून घ्यावेत हा विचार बाईंच्या आधीपासूनचा आहे. डेबियनची बगनोंद इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये सुरू केली. ती आजही ईमेलवर चालते. १९९७ च्या डेबियनच्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असे वचन आहे, आणि बगांची नोंद सतत सर्वांसाठी खुली राहील असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. डेबियनमध्ये कुठलीही नोंद एका पॅकेजवरून दुसऱ्यावर वळवता येते, तिची प्रत काढता येते, दोन नोंदी एकत्र करता येतात, आणि बग मूळ प्रकल्पाकडे कळवला असेल तर तिथला पत्ता जोडून ठेवता येतो. बीटीएस-लिंक नावाचा प्रोग्राम असे जोडलेले पत्ते तपासत राहतो आणि तिकडे दुरुस्ती झाली की इकडच्या नोंदीवर खूण करतो.

मोझिलासाठी टेरी वाइसमन यांनी १९९८ मध्ये बगझिला तयार केले. पुढे ग्नोम, केडीई, रेड हॅट, लिनक्स कर्नल अशा अनेकांनी तेच सॉफ्टवेअर बसवले. पण प्रत्येकाने ते आपल्या सर्व्हरवर स्वतंत्र बसवले, त्यामुळे सगळीकडे बगझिला असूनही एका बगझिलातल्या नोंदीची दुसऱ्याला खबर नसे. २००९ च्या ३.४ आवृत्तीत दुसऱ्या ट्रॅकरवरच्या संबंधित नोंदीचा पत्ता देण्यासाठी स्वतंत्र रकाना आला. तोपर्यंत लोक टिप्पण्यांमध्ये दुवे चिकटवत, आणि दहा टिप्पण्या झाल्या की ते दुवे खाली गाडले जात.

उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीच्या लाँचपॅडची कल्पना सगळ्यांत धाडसी होती. तिथे बगचे पान एकच, आणि त्या पानावर एकेका प्रकल्पाची ओळ. उबुंटूमध्ये स्थिती काय, मूळ प्रकल्पात काय, डेबियनमध्ये काय, हे एका नजरेत दिसे. बाहेरच्या ट्रॅकरवर पाळत ठेवून तिथली स्थिती आपोआप आणण्याची सोयही होती. बाईंना ती रचना पहिल्यांदा पाहिल्यावर फार आवडली. एक प्रश्न, एक चर्चा आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचे काम ज्याच्या त्याच्या ओळीत. तसे व्हायला मात्र सगळ्या प्रकल्पांची माणसे त्या पानावर यायला हवी होती. लाँचपॅडचा स्वतःचा कोड २००९ च्या जुलैपर्यंत खुला नव्हता, आणि अनेक मुक्त प्रकल्पांना बंद यंत्रणेवर जाणे मान्य नव्हते. ज्यांचा आपला ट्रॅकर नीट चालत होता त्यांना तो सोडायचे कारणही नव्हते. त्यामुळे पानावर ओळ असे, पण त्या ओळीचा मालक दुसरीकडे काम करत असे.

स्थितीची देवाणघेवाण यंत्राने केली तरी एक अडचण उरते, ती शब्दांची. डेबियनमध्ये गांभीर्याच्या सात पायऱ्या आहेत. सर्वांत वर व्यवस्था मोडणारा बग आणि सर्वांत खाली नुसती इच्छा. बगझिलात बंद केलेल्या नोंदीला कारण द्यावे लागते. दुरुस्त झाला, दुरुस्त करणार नाही, आमच्याकडे घडत नाही, पुनरावृत्ती, असे पर्याय त्यात असतात. लाँचपॅडमध्ये दुरुस्ती कोडमध्ये गेली आणि दुरुस्ती प्रसिद्ध झाली या दोन वेगळ्या स्थिती आहेत. एका ट्रॅकरचा शब्द दुसऱ्याच्या शब्दावर बसवला की काहीतरी सांडते. मूळ प्रकल्प बग दुरुस्त म्हणतो तेव्हा दुरुस्ती त्याच्या ताज्या कोडमध्ये गेलेली असते. तक्रारदाराच्या संगणकावर मात्र वितरणाची जुनी आवृत्ती असते आणि त्याला तोच बग रोज दिसतो. बंद झालेल्या नोंदीखाली रागाने लिहिलेल्या टिप्पण्या बाईंनी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच या एकाच गैरसमजातून आलेल्या होत्या. दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आली आणि ती तुमच्या वितरणात कशी येईल, एवढी एक ओळ लिहिली की वाद मिटतो.

यंत्रणांपेक्षाही खोलवर वाटणी झाली ती कोडमध्ये, आणि मराठीला तिचा थेट फायदा मिळाला. एके काळी पँगो, क्यूटी आणि आयसीयू या लायब्रऱ्यांकडे भारतीय लिपी मांडण्याचा आपापला कोड होता. 'ऱ्य'चा बग एका ठिकाणी सुटला तरी दुसरीकडे तसाच राही आणि तीच तक्रार पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागे. हार्फबझ रुजल्यावर हे बदलले. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांच्यात तीच लायब्ररी आहे. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीत विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मजकुराच्या मांडणीसाठी हार्फबझ घेतले. त्यानंतर बाईंच्या कामाचे स्वरूपच पालटले. एके ठिकाणी केलेली दुरुस्ती सगळीकडे पोचू लागली. अर्थात एके ठिकाणी झालेली चूकही सगळीकडे पोचते, म्हणून हार्फबझसारख्या प्रकल्पात प्रत्येक दुरुस्तीसोबत चाचणीचा नमुना ठेवण्याला मोठे महत्त्व आहे. मराठी शब्दांचे नमुने अशा चाचण्यांत असावेत यासाठी बाई आजही आग्रह धरतात.

वाटणी अर्धवट राहिली तर काय होते, हे शिकवताना त्या स्वतःच्या अनुभवापलीकडचे एक उदाहरण देतात. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या पॅकेजवर एक बग नोंदला गेला होता. व्हॅलग्राइंड हे स्मृतीच्या चुका शोधणारे साधन त्या कोडबद्दल सूचना देत होते. पॅकेज सांभाळणाऱ्याने मूळ प्रकल्पाच्या ईमेल-यादीवर विचारणा केली आणि मग दोन ओळी काढून टाकल्या. सूचना थांबल्या. पण त्यातली एक ओळ यादृच्छिकता गोळा करण्याच्या कामाची होती. ती गेल्यावर किल्ली बनवताना फक्त प्रक्रियेचा क्रमांक उरला, आणि ते क्रमांक जास्तीत जास्त ३२,७६८. बदल डेबियनच्या पॅकेजमध्येच राहिला, मूळ प्रकल्पात कधी गेला नाही. १३ मे २००८ ला हा दोष जाहीर झाला तेव्हा डेबियन आणि उबुंटूवर जवळजवळ दोन वर्षे तयार झालेल्या किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या.

इथे संवाद झाला होता, तरी तो पुरला नाही. पलीकडच्या विकासकांसमोर नेमका कोणता बदल, कोणत्या वितरणात, कायमचा जाणार आहे हे स्पष्ट ठेवले गेले नव्हते. डेबियनमध्ये पुढे पॅचच्या डोक्यावर माहिती लिहिण्याची ठरलेली पद्धत आली. पॅच कुठून आला, कोणत्या बगसाठी आहे, मूळ प्रकल्पाकडे पाठवला का, हे त्यात लिहायचे असते. 'पाठवला का' हा रकाना बाईंना सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांच्या हाताखालच्या मुलांनी तो मोकळा सोडलेला त्यांना चालत नाही.

सुरक्षेच्या बगांमध्ये वाटणीची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे समान क्रमांक. सुरक्षेच्या दोषांना असे क्रमांक देणारी सीव्हीई यादी १९९९ पासून मायटर ही संस्था चालवते. जगात कुठल्याही प्रकल्पाने, वितरणाने किंवा कंपनीने एखाद्या दोषाविषयी लिहिले तरी त्याचा क्रमांक एकच. २०१४ च्या हार्टब्लीड या दोषाबद्दल आणि २०२१ च्या लॉग४जेच्या दोषाबद्दल शेकडो उत्पादनांनी सूचना काढल्या, आणि त्या त्या दोषाच्या क्रमांकावर त्या जुळवता आल्या. साध्या बगांसाठी असा क्रमांक नाही, म्हणून तिथे जुळवणी माणसालाच करावी लागते. शिवाय सुरक्षेचा बग सगळ्यांना एकदम सांगता येत नाही. वितरणांच्या सुरक्षा-चमूंची एक बंद ईमेल-यादी आहे. तिथे सांगितलेला दोष जास्तीत जास्त १४ दिवस गुप्त ठेवता येतो, नंतर तो जाहीर करावाच लागतो.

२९ मार्च २०२४ ला या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा झाली. पोस्टग्रेएसक्यूएलचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अस्थिर (अनस्टेबल) आवृत्तीवर एसएसएचने लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्राइंडनेही एक विचित्र सूचना दिल्याचे त्यांना आठवले. शोध घेत ते एक्सझेड या संक्षेपणाच्या प्रकल्पापर्यंत पोचले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम लपवलेले मागचे दार त्यांनी उघडकीला आणले. आधी डेबियनच्या आणि इतर वितरणांच्या सुरक्षा-चमूंना कळवले, मग जाहीर ईमेल-यादीवर सविस्तर लिहिले. बहुतेक वितरणांच्या स्थिर आवृत्त्या थोडक्यात वाचल्या. फ्रॉइंड यांचे काम डेटाबेसचे होते, एसएसएच किंवा एक्सझेड यांपैकी काहीही त्यांच्या प्रकल्पाचे नव्हते. दुसऱ्याच्या अंगणातल्या अर्ध्या सेकंदाच्या उशिरामागे त्यांनी आपला वेळ घालवला. व्हॅलग्राइंडची सूचना गप्प करण्यातून एकदा मोठा अनर्थ झाला, आणि तिच्याच एका सूचनेने दुसऱ्यांदा शोधाला हातभार लावला. या दोन घटना बाई नव्या मुलांना नेहमी शेजारी ठेवून सांगतात.

दुवे टिकत नाहीत, हाही या कामातला एक कडू धडा. गूगल कोड २०१६ च्या सुरुवातीला बंद झाले आणि त्याच्या पत्त्यांवर विसंबलेल्या असंख्य नोंदी लंगड्या पडल्या. ग्नोम २०१८ मध्ये बगझिला सोडून गिटलॅबवर गेले. पायथनच्या बगनोंदी २०२२ मध्ये गिटहबवर गेल्या आणि त्यांना नवे क्रमांक मिळाले. पायथनने जुनी नोंद वाचण्यापुरती शाबूत ठेवली हे चांगले केले. लिबरऑफिसचे स्थलांतर बाईंना आदर्श वाटते. २०१५ मध्ये फ्रीडेस्कटॉपच्या बगझिलातून ते स्वतःच्या बगझिलात गेले तेव्हा जुन्या बगांचे क्रमांक तेच राहिले, फक्त पुढची अक्षरे बदलली. जुन्या कोडमध्ये किंवा जुन्या ईमेलमध्ये लिहिलेला क्रमांक आजही उपयोगी पडतो. या धड्यानंतर बाईंनी नुसता दुवा देणे बंद केले. दुव्याखाली चार ओळींचा सारांश असतोच, म्हणजे पत्ता मेला तरी मजकूर जिवंत राहतो.

मजकूर नेताना एक पथ्यही पाळावे लागते. प्रोग्राम कोसळल्यावर तयार होणाऱ्या अहवालात स्मृतीतला मजकूर येऊ शकतो. पासवर्ड, पत्रे, विद्यार्थ्यांची नावे, काहीही. तक्रारदाराने ते एका ट्रॅकरला विश्वासाने दिलेले असते, जगाला वाटण्यासाठी नाही. शिक्षकांची फाइल पुढे पाठवताना बाईंनी सगळी खरी नावे काढून बनावट नावे घातली आणि बग तरीही घडतो याची खात्री केली. हे करायला वेळ लागतो, तो दिलाच पाहिजे असे त्यांचे ठाम मत आहे.

आणि मग माणसांचा प्रश्न. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. मुदत संपली की त्या आवृत्तीवरचे उघडे बग आपोआप बंद होतात. प्रकल्पाच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे, कारण स्वयंसेवकांचा वेळ थोडा आणि नोंदी अफाट. तक्रारदाराच्या बाजूने पाहिले तर वर्षभर कुणी फिरकले नाही आणि शेवटी यंत्राने दार लावले. बाई मुदत संपायच्या आधी आपल्या भाषेचे बग एकदा चाळतात. जे नव्या आवृत्तीतही घडतात ते पुढे नेतात, आणि जे बंद होणार त्यांच्या तक्रारदारांना आपल्या हाताने दोन ओळी लिहितात. अशा दोन ओळी मिळालेला माणूस पुन्हा बग नोंदवतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. सोलापूरचे ते शिक्षक आता आपल्या तालुक्यातल्या इतर शाळांच्या तक्रारी गोळा करून व्यवस्थित नमुन्यांसह पाठवतात.

बग कोडसोबत साठवणारे आणि मध्यवर्ती जागा नाकारणारे प्रयोगही झाले. बग्स एव्हरीव्हेअर, गिट-बग ही त्यांतली काही नावे. फॉसिल या आवृत्तीनियंत्रणाच्या व्यवस्थेत तर तिकिटे सुरुवातीपासून कोडच्या साठ्यातच राहतात. अलीकडे वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या प्रकल्पांनी एकमेकांशी बोलावे यासाठी फोर्जफेड या मानकावर काम चालू आहे. बाई अशा प्रत्येक प्रयत्नाकडे आशेने पाहतात. त्यांची कसोटी एकच आहे. ज्याला प्रोग्रामिंग येत नाही त्याला तिथे बग नोंदवता येतो का? कोडच्या साठ्यात राहणारे ट्रॅकर विकासकांना सोयीचे असतात, पण 'कुऱ्हाडे' का सापडत नाही हे सांगणारा माणूस तिथे पोचत नाही.

मराठीतून संगणक वापरणाऱ्यांकडे बाईंचे मागणे आहे. अक्षर चुकीचे दिसले, शोध फसला, शब्दाचा क्रम बिघडला, तर सवयीने पुढे जाऊ नका. स्क्रीनशॉट द्या, पण सोबत तो मजकूर कॉपी करूनही द्या, कारण चित्रातून संकेतांक कळत नाहीत. कोणता कीबोर्ड, कोणता फॉन्ट, प्रोग्रामची आणि वितरणाची कोणती आवृत्ती, हे लिहा. तीच तक्रार दुसऱ्या प्रकल्पात आधी सापडली तर तिचा पत्ता आणि सारांश जोडा. दुरुस्ती आल्यावर ती तपासून, जमले की नाही ते त्याच नोंदीवर कळवा. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहा आणि भाषांतरासाठी तुमच्या भाषेच्या चमूला हाक मारा. खाते काढण्याचा कंटाळा असेल, तर डेबियनला बग कळवायला खाते लागत नाही, एक ईमेल पुरतो.